एकच की दोघे?

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत एका मराठी कुटुंबाकडे आमचा मुक्काम होता. तेथील मुलांत मोठा वाद माजला होता. दोन निरनिराळ्या लेखकांच्या कादंबऱ्यांतील गँडाल्फ आणि डंबलडोर हे वृद्ध जादूगार वस्तुतः एकच होत, असे थोरलीचे म्हणणे. पुरावा? लांब पांढरी दाढी! तशी आमच्या आजोबांनाही होती, असे आम्ही म्हणताच धाकटा खुदकन हसला.

कागदावरील माणसांना अशा तर्काने इजा होत नाही. परंतु याच ग्वाल्हेरात १८७४ साली जयाजीराव शिंदे यांनी एका इसमास नानासाहेब पेशवे समजून पकडले व इंग्रजांच्या हवाली केले. नानासाहेबांस पकडून देणाऱ्यास एक लाख रुपयांचे इनाम पूर्वीच जाहीर झालेले होते. ओळख पटती, तर त्या इसमाची मान फासात जाती. त्यास कानपुरास नेले. कोणी म्हणे हाच तो, कोणी म्हणे नव्हे. नानासाहेबांना पूर्वी तपासलेले डॉ. ट्रेसिडर यांनी मात्र हा तो नव्हे, असे सांगितले. नानासाहेबांनी तेव्हा पन्नाशी गाठली असती. हा तर वयाने लहान दिसत होता! सरकारनेही अखेर तेच मानले.

आम्हांला मात्र पार्वतीबाई आठवल्या. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे त्यांच्या नावाने तोतया उभा राहिला, त्यास १७७६ साली देहान्त शासन झाले. तरी बाईंनी सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत.

हे ऐकून थोरली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “फादर, त्यांनी त्या तोतयाला एकदा तरी पाहिलं असेल का हो?”