मोडका पाय आणि छर्‍याची बंदूक

माउली, घसरून पाय मोडला, प्लास्टर चढले, यंदाची पायी वारी चुकली. दुःख खरेच मोठे. पण त्यावर उतारा म्हणून बांधावर खुर्ची टाकून छर्‍याच्या बंदुकीने ससे टिपत बसायचे? गळ्यातल्या तुळशीमाळेला काय उत्तर द्याल?

म्हणाल, ‘चालता येत नाही, मन रमवायला काहीतरी हवे.’ दुसर्‍याच्या जिवावर रमणारे मन विठ्ठलाकडे कसे वळेल? म्हणाल, ‘या बंदुकीला परवाना लागत नाही.’ नसेल लागत. पण म्हणून ससा मारायचा परवाना मिळाला का? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हाच आहे. म्हणाल, ‘ससा हरभरा खातो.’ मग राखणीला बसलेल्या तुकोबांनी पाखरांना हाकलले नाही, ही कथा कीर्तनात ऐकून आपण माना कशाला डोलावतो?

आणखी एक ऐका. छर्‍याने ससा दरवेळी जागीच मरत नाही. पाय मोडून गवतात शिरतो. आपल्या रानातला ससा बीळ करत नाही. उथळ खळग्यात अंग चोरून पडून राहतो. त्याला ना प्लास्टर, ना कुबडी, ना कोणी पाणी देणारे. कुत्री-कोल्ही येईपर्यंत तो तिथेच.

ठणका काय असतो ते आज तुम्हाला कळते आहे. कळूनही तो दुसर्‍याला दिलात, तर अपराध दुप्पट. बंदूक आजच खाली ठेवा. हरिपाठ अंथरुणावर बसूनही होतो.

रामकृष्णहरी!