वॉर्डातल्या मावशींनाही विचारा

अवयवदानाला आरोग्य कर्मचाऱ्यांचा पाठिंबा किती, हे मोजणाऱ्या पाहण्या जगभर होतात. वय, लिंग, धर्म, शिक्षण, हुद्दा असे रकाने भरले जातात आणि चित्र बहुधा एकच निघते: डॉक्टर अनुकूल, परिचारिका त्यांच्या खालोखाल, साहाय्यक कर्मचारी मागे. अवयवदानात जगात आघाडीवर असलेल्या स्पेनमध्येही, मुर्सियातील संशोधकांना रुग्णालयांत हीच उतरंड दिसली. ती पाहून ‘शिक्षण कमी, म्हणून विरोध’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो अपुरा आहे.

मेंदूमृत रुग्णाची खाट आठवून पाहा. व्हेंटिलेटरमुळे छाती वरखाली होते, मॉनिटरवर ठोके दिसतात, लघवीची पिशवी भरत राहते. डॉक्टर बाहुल्यांवर टॉर्च मारतात, कानात थंड पाणी सोडतात, व्हेंटिलेटर बाजूला करून श्वास येतो का हे ॲप्निया चाचणीत पाहतात. कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मृत्यू घोषित करते. दर दोन तासांनी कूस बदलणाऱ्या सिस्टरच्या आणि अंग पुसणाऱ्या मावशींच्या हाताला मात्र ऊब लागते. त्या चाचण्यांचा अर्थ मावशींना सहसा कोणी सांगत नाही. आणि नातेवाईक व्हरांड्यात गाठतात ते त्यांनाच: ‘‘मावशी, खरंच काही उरलं नाही का हो?’’ ‘‘मशीन चालू आहे, देवाच्या मनात असेल तर...’’ एवढे उत्तर प्रत्यारोपण समन्वयकाच्या तासाभराच्या समुपदेशनावर पाणी फिरवायला पुरते.

वयाबाबत पाहण्यांचे एकमत नाही. धर्माचा रकानाही वाटतो तितका बोलका नाही. कोणत्याही प्रमुख धर्माची अवयवदानाला सरसकट मनाई नाही, अडते ते बहुधा देह अखंड राहावा या घरच्या भावनेपाशी.

लिंगाच्या रकान्यापाशी मात्र थांबायला हवे. अनेक पाहण्यांत स्त्रिया पुरुषांहून अधिक अनुकूल दिसतात. आपल्याकडे जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि ते मिळणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष, हे तर जगजाहीर आहे. आईने, बायकोने मूत्रपिंड द्यावे यात कुणाला नवल वाटत नाही. पण संमतिपत्र भरलेल्या सिस्टरच्या स्वतःच्या मृत्यूनंतर रुग्णालय सही मागते ती नवऱ्याची, मुलांची, आईवडिलांची. घरात हा विषय निघालाच नसेल, तर तिचे दाताकार्ड पर्समध्येच राहते. म्हणूनच मुर्सियाच्या पाहण्यांतील एक धागा हुद्द्याइतकाच महत्त्वाचा वाटतो: जोडीदाराचे मत अनुकूल असेल आणि घरात या विषयावर बोलणे झाले असेल, तर कर्मचाऱ्याचा पाठिंबा वाढतो. वय किंवा धर्म बदलता येत नाही. घरात बोलणे आणि कामावर शिकवणे आपल्या हाती आहे.

मानवी अवयव प्रत्यारोपणाचा 1994चा कायदा फेब्रुवारी 1995मध्ये ज्या राज्यांत सर्वप्रथम लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय समन्वय केंद्रे उभी राहिली. तरीही देशात दर दशलक्ष लोकसंख्येमागे मरणोत्तर अवयवदाता एकही भरत नाही. स्पेनमध्ये तो आकडा 45च्या पुढे आहे. तिथला समन्वयक बहुधा त्याच रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातला डॉक्टर असतो, म्हणजे मृत्यूची बातमी आणि दानाची विनंती ओळखीच्या माणसांकडून येते. आपल्याकडे दुरुस्त कायद्याने नातेवाइकांना विचारणे बंधनकारक केले; विचारण्याआधी वॉर्डात काय बोलले जाते, याची नोंद कोणत्याही अर्जात नसते.

दरवर्षी 3 ऑगस्टला अवयवदान दिनी सभागृहांत व्याख्याने होतात, शपथा घेतल्या जातात. रुग्णालयांनी यंदा त्यातले एक व्याख्यान कमी करावे आणि तो वेळ रात्रपाळीच्या सिस्टर, वॉर्डबॉय आणि मावशींना द्यावा. मेंदूमृत्यू म्हणजे काय ते खाटेजवळ उभे राहून, मराठीत सांगावे, आणि त्यांच्या शंका डॉक्टरांनी खाली बसून ऐकाव्यात.