क्रूझचा वरखर्च

नागपूर देशाच्या मधोमध वसलेलं. त्यामुळे इथल्या मनीषनगर भागातून क्रूझला निघणाऱ्या कुटुंबाचा खर्च समुद्र दिसण्याच्या बराच आधी सुरू होतो. जाहिरातीतला दर असतो मुंबईच्या बॅलार्ड पियरवर, जहाजाच्या दारात उभ्या असलेल्या माणसासाठी. आपण त्या दारापासून आठशेहून अधिक किलोमीटरवर राहतो. दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की व्हॉट्सअॅपवर मुंबई–गोवा क्रूझच्या जाहिराती फिरू लागतात. त्यातला माणशी आकडा पाहून घरात चर्चा सुरू होते, तेव्हा नागपूर ते जहाज आणि जहाज ते नागपूर हा हिशेब कागदावर कुठेच नसतो.

तो आधी मांडू. दुरांतो रात्री नागपुरातून निघते आणि सकाळी सीएसएमटीला पोचते. तिथून बॅलार्ड पियर अगदी जवळ. जहाज दुपारनंतर सुटणार म्हणून त्याच दिवशी पोचणाऱ्या गाडीने जाण्याचा मोह होतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे, हे करू नका. गाडी चार-पाच तास उशिरा धावणं आपल्याला नवीन नाही, जहाज सुटण्याच्या बरंच आधी त्याचं प्रवेशद्वार बंद होतं, आणि एका नागपूरकर कुटुंबासाठी कुठलंही जहाज थांबत नाही. चुकलेल्या जहाजाचे पैसे परत मिळण्याची आशा फार थोडी. म्हणून एक दिवस आधी पोचायचं आणि दक्षिण मुंबईतल्या एका रात्रीचं हॉटेल हिशेबात धरायचं. परतताना जहाज सकाळी लागतं आणि नागपूरच्या सोयीच्या गाड्या संध्याकाळी-रात्री सुटतात. मधला अख्खा दिवस बॅगा, मुलं आणि दोन वेळचं जेवण यांचा असतो. चौघांच्या कुटुंबाला हा जाण्यायेण्याचा खर्च एका माणसाच्या क्रूझ-भाड्याइतका सहज होऊ शकतो. सिंगापूरहून निघणारं जहाज निवडलं, तर नागपूरहून थेट विमान नाही. मुंबई, चेन्नई किंवा बंगळुरूमार्गे जावं लागतं, आणि तिथेही आदल्या रात्रीचा मुक्काम आलाच.

आता जहाजाच्या दराकडे येऊ.

मुंबईहून सध्या नियमित सुटणारं मोठं जहाज म्हणजे कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’. १९९० साली बांधलेलं हे जहाज बरीच वर्षं रॉयल कॅरिबियन कंपनीकडे होतं. सप्टेंबर २०२१पासून ते आपल्या किनाऱ्यावर फिरतं आहे. त्याआधी ऑक्टोबर २०१८मध्ये मुंबई–गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली होती. एप्रिल २०१९मध्ये ‘जलेश’ कंपनीचं ‘कर्णिका’ आलं; दीड वर्षात कंपनी बंद पडली आणि जहाज अलंगच्या भंगारात गेलं. या धंद्यात कंपन्या येतात आणि जातात. म्हणून वर्षभर आधी सगळी रक्कम भरून ‘अर्ली बर्ड’ सवलत घेण्याआधी कंपनी बुडाली तर पैसे कोणाकडे मागायचे, हे विचारून घ्यावं. शक्यतो क्रेडिट कार्डाने भरावं, म्हणजे निदान बँकेकडे तक्रारीची वाट उरते.

जाहिरातीतला माणशी दर सहसा सर्वांत स्वस्त, खिडकी नसलेल्या केबिनचा असतो आणि एका केबिनमध्ये दोघं राहतील असं धरून काढलेला असतो. त्यावर बंदर शुल्क येतं, जीएसटी येतो, सेवकवर्गाची ग्रॅच्युइटी म्हणजे टिप येते. शेवटच्या पानावर पोचेपर्यंत आकडा चांगलाच फुगलेला असतो. तोवर मुलांना सांगून झालेलं असतं, सुट्टी मंजूर झालेली असते, आणि बहुतेक माणसं मुकाट्याने पैसे भरतात.

माझा आक्षेप इथे आहे, आणि तो तीव्र आहे. जो आकार प्रत्येक प्रवाशाला भरावाच लागतो तो वरखर्च नसतो. तो भाड्याचाच भाग असतो. तो पहिल्या ओळीत दिसला पाहिजे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या ऑनलाइन क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. त्यांत दिलेल्या तेरा प्रकारांत ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणजे दर थेंबाथेंबाने उघड करणं हाही एक आहे. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये उपाहारगृहांना बिलात परस्पर सेवाशुल्क लावायला मनाई केली होती, आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. नागपूरच्या सदर भागातल्या उपाहारगृहात जे चालू नये असं आपण म्हणतो, ते बॅलार्ड पियरवर का चालावं? कॅलिफोर्निया राज्यात १ जुलै २०२४पासून अनिवार्य शुल्क धरूनच दर जाहीर करावा लागतो. हा कायदा एका राज्याचा, तरी कार्निव्हलसारख्या बड्या क्रूझ कंपनीने सबंध अमेरिकेत आपल्या जाहिरातींतल्या दरात बंदर शुल्क मिळवायला सुरुवात केली. म्हणजे हे करता येतं. त्यामुळे कंपन्या बुडत नाहीत. आपल्याकडे ‘क्रूझ भारत मिशन’ ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईत सुरू झालं. पाच वर्षांत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचं उद्दिष्ट त्यात आहे. नवी टर्मिनल बांधताना नव्या प्रवाशाला पूर्ण दर आधी दाखवण्याची सक्तीही त्याच मिशनने करावी.

ग्रॅच्युइटीबद्दल मात्र दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. परदेशी जहाजांवर ही रक्कम माणशी, दररोज आकारली जाते. अमेरिकी कंपन्यांत साधारण १६ ते २० डॉलर. लहान मुलांचीही बहुधा तितकीच. दिवसाला १८ डॉलर धरले तर चौघांचे चार रात्रींचे २८८ डॉलर झाले. डॉलर ९० रुपये धरला तर जवळजवळ २६ हजार रुपये. हा आकडा ऐकून काही जण जहाजावरच्या काउंटरवर जाऊन ती रक्कम काढून टाकायला लावतात. तशी सोय काही कंपन्यांत आहे, आणि समाजमाध्यमांवर ही युक्ती अभिमानाने सांगितलीही जाते. मला ती अजिबात मान्य नाही. केबिन झाडणारा, ताट उचलणारा कर्मचारी महिनोन् महिने घरापासून दूर असतो. त्याच्या कमाईचा मोठा हिस्सा याच रकमेतून येतो. गोव्यातली कितीतरी घरं या नोकऱ्यांवर उभी राहिली आहेत, आणि महाराष्ट्रातली हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली मुलंही याच जहाजांवर राबतात. भांडण कंपनीशी आहे, तिच्या छपाईशी आहे. ते वेटरच्या ताटातून वसूल करू नये. ती रक्कम पहिल्या दिवसापासून भाड्यात धरा म्हणजे नंतर टोचणार नाही.

जहाज कमावतं कशातून, हे कळलं की बाकीचा वरखर्चही कळतो. रॉयल कॅरिबियनच्या २०२३च्या जमाखर्चात एकूण उत्पन्न सुमारे १३.९ अब्ज डॉलर आहे, आणि त्यातले सुमारे ४.३ अब्ज जहाजावरच्या व इतर विक्रीचे आहेत. कार्निव्हलचा हा हिस्सा एक तृतीयांशाहून थोडा जास्त आहे. म्हणजे तिकीट स्वस्त ठेवून लोकांना जहाजावर आणायचं आणि उरलेलं तिथे मिळवायचं, अशी या धंद्याची घडण आहे. जहाजावर रोख चालत नाही. चढतानाच एक कार्ड हातात मिळतं. त्यानेच केबिनचं दार उघडतं आणि त्यावरच सरबत, फोटो, मसाज, व्हिडिओ गेम सगळं लिहिलं जातं. नोटा मोजाव्या लागत नाहीत, त्यामुळे हात आखडत नाही. पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन मुलांच्या कार्डांवरची खरेदी बंद करायला सांगा. ती बंद करता येते. रोज रात्री झोपण्यापूर्वी जमाखर्चाचा तपशील पाहा. शेवटच्या सकाळी उतरायच्या रांगेत उभं राहून बिलातली चूक शोधण्यात अर्थ नसतो.

जामीन म्हणून डेबिट कार्ड देऊ नये. जहाज त्यावर काही रक्कम अडकवून ठेवतं आणि ती सुटायला प्रवास संपल्यावरही काही दिवस जाऊ शकतात. तेवढे दिवस घरचा हप्ता किंवा शाळेची फी त्याच खात्यातून जाणार असेल तर पंचाईत. क्रेडिट कार्ड द्यावं, पण परकीय चलनात खर्च झाला की बहुतेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकार बसतो, त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. एक लाखाच्या बिलावर ४,१३० रुपये. जहाज ‘रुपयांत बिल देऊ का’ असं विचारेल, तर नको म्हणावं; त्यांनी लावलेला रूपांतराचा दर बहुधा बँकेहून महाग पडतो.

मद्याचं पॅकेज हा सर्वांत मोठा खड्डा. काही अमेरिकी कंपन्यांचा नियम असा की केबिनमधल्या एका प्रौढाने ते घेतलं तर दुसऱ्यानेही घ्यायचं. नवऱ्याच्या हौसेपायी न पिणाऱ्या बायकोचेही पूर्ण पैसे जातात, आणि वर पेयांवर १८ टक्के सेवाशुल्क. आमच्याकडच्या बहुतेक कुटुंबांनी हे पॅकेज घेऊच नये, जे प्यायचं त्याचे सुटे पैसे द्यावेत. बाटलीबंद पाण्याला पैसे पडतात, बुफेमधलं पिण्याचं पाणी फुकट असतं. रिकामी बाटली सोबत ठेवा. घरून करून नेलेले दशम्या-पराठे बहुतेक जहाजांवर चालत नाहीत, पाकीटबंद चिवड्याबद्दल आधी विचारा. मोबाइल समुद्रात शिरण्यापूर्वी एअरप्लेन मोडवर टाका. जहाजाच्या स्वतःच्या नेटवर्कवर फोन आपोआप जोडला गेला तर नेहमीचा रोमिंग पॅक तिथे बहुधा लागू होत नाही. कॅसिनोसाठी माझ्या अंदाजपत्रकात रकाना नाही.

किनाऱ्यावर उतरल्यावरचा खर्च ठिकाणागणिक बदलतो. गोव्यात जहाज मुरगावला लागतं. तिथून पणजी तीसेक किलोमीटर, कळंगुट त्याहून लांब. ओला-उबर तिथे चालत नाही. टॅक्सीचा भाव ठरवून किंवा गोवामाइल्स अॅपवरून गाडी घ्यावी लागते. सिंगापूरहून गेलेलं जहाज पोर्ट क्लांगला लागतं आणि क्वालालंपूर तिथून तासाभरावर आहे. जहाजाची सहल महाग असते, पण तिला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वस्त टॅक्सीतून गेलेल्यांसाठी थांबत नाही. जवळ फिरायचं असेल तर स्वतः जा, लांब जायचं असेल तर जहाजाची सहल घ्या.

आईवडिलांना सोबत नेणार असाल तर सगळ्यात आधी विम्याचे पैसे बाजूला काढा. मनीषनगरात निवृत्तीनंतर स्थायिक झालेली जोडपी पुष्कळ आहेत. वेस्टर्न कोलफिल्ड्स (वेकोलि), रेल्वे, वीज कंपनी, बँका यांत आयुष्य गेलेली. सहलीचा बेत अनेकदा त्यांच्या हौसेसाठी आखलेला असतो. घरचा आरोग्य विमा बहुधा भारताबाहेर चालत नाही. परदेशी जहाजावरचा डॉक्टर तपासणीचे पैसे डॉलरमध्ये लावतो, ते केबिनच्या खात्यावर चढतात, आणि विम्याचा दावा नंतर कागदपत्रं जोडून करावा लागतो. आधीपासूनचे आजार आणि समुद्रप्रवास दोन्ही त्या पॉलिसीत बसतात का, हे लेखी विचारा. रक्तदाबाच्या गोळ्या प्रवासाच्या दिवसांहून आठवडाभर जास्त घ्या.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा कर, कापला जातो. त्याचा दर २०२६च्या अर्थसंकल्पाने १ एप्रिल २०२६पासून सरसकट २ टक्के केला. याआधी दहा लाखांपर्यंत ५ आणि त्यावर २० टक्के होता. हे पैसे खर्च होत नाहीत. विवरणपत्र भरलं की करातून वळते होतात किंवा परत मिळतात. ज्यांना एरवी विवरणपत्र भरावं लागत नाही त्यांनी मात्र ते भरायला विसरू नये, नाहीतर तेवढी रक्कम सरकारकडे पडून राहते.

सगळं मिळून किती? माझा ठोकताळा असा. मुंबई–गोव्याच्या दोन-तीन रात्रींसाठी सर्व कर आणि ग्रॅच्युइटी धरून आलेल्या रकमेच्या एक तृतीयांश वरखर्चासाठी ठेवावेत. सिंगापूरच्या किंवा त्याहून लांबच्या क्रूझसाठी निम्मे. नागपूर ते बंदर हा खर्च यात नाही, तो निराळा. एवढी रक्कम हाताशी नसेल तर कार्डाच्या हप्त्यांवर जाऊ नका, पुढच्या हंगामाला जा. क्रूझ म्हणजे लग्न नव्हे, ती पुढे ढकलता येते. आमच्या सोसायट्यांतल्या भिशीच्या बायका हे फार चांगलं करतात: वर्षभर थोडे थोडे जमवतात, मग ठिकाण ठरवतात. तीच पद्धत घरातही लागू पडते. दरमहा आवर्ती ठेव ठेवावी, आणि जमलेल्या आकड्यात बसेल ते जहाज शोधावं.

बुकिंगला जाल तेव्हा एजंटकडे एकच कागद मागा: चौघांचा, सर्व शुल्कांसह, शेवटचा आकडा, आणि खाली सही-शिक्का. एजंट आकडा तोंडीच सांगत असेल तर पैसे न भरता उठा. मनीषनगरात दुसरा एजंट चार दुकानांवर सापडतो. आणि कागदावर नसलेला अनिवार्य आकार पुढे बिलात निघाला, तर तो कागद जपून ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.