झेलणाऱ्याचे हात

मराठीत पैलवानाने अस्मान पाहिले म्हणजे तो हरला. पाठ मातीला टेकली की नजर आपसूक वर जाते. आपल्या कुस्तीचे सारे शास्त्र जमिनीशी बांधलेले आहे. व्यावसायिक रेसलिंगने मात्र आकाशालाच डावपेचांत ओढले. रिंगच्या कोपऱ्यातील खांबावर चढून, प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करून, हवेत उलटी कोलांटी घेत त्याच्यावर कोसळणे, ज्याला 'मूनसॉल्ट' म्हणतात, हा त्यातलाच एक डाव. नव्वदच्या दशकात केबलवर हे डोळे विस्फारून पाहणाऱ्या आमच्या पिढीला घरातील वडीलधारे एकच वाक्य ऐकवीत : "अरे, हे सगळं खोटं असतं."

पुढे साहित्याच्या वर्गात रोलाँ बार्थ भेटला आणि आम्हांस हायसे वाटले. 'मिथॉलॉजीज' (१९५७) या त्याच्या पुस्तकाचा पहिलाच निबंध रेसलिंगवर आहे. हा खेळ नव्हे, हे दृश्य आहे. निकाल ठरलेला आहे की नाही याची प्रेक्षकाला फिकीर नसते. मल्लाचे शरीर आणि त्याचे हावभाव ही चिन्हे आहेत, असे त्याचे म्हणणे. खऱ्याखोट्याचा वाद त्याने एका फटक्यात निकालात काढला. १९८९ मध्ये तर डब्ल्यूडब्ल्यूएफ या कंपनीने, क्रीडा-नियमनातून सुटका व्हावी म्हणून, आपण करतो ते मनोरंजन आहे अशी कबुली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सिनेटसमोर दिली. तेव्हा उघड झालेले गुपित पुनःपुन्हा उघड करण्यात आता काही हशील नाही.

परंतु आमचे मत असे की, हवेतील डावांपाशी वडीलधारे आणि बार्थ हे दोघेही अपुरे पडतात. चिन्हाला वजन नसते, शरीराला असते. निकाल ठरवता येतो, गुरुत्वाकर्षणाशी मात्र संगनमत करता येत नाही. रिंगची जमीन म्हणजे पोलादी सांगाड्यावर लाकडी फळ्या, त्यांवर पातळ गादी आणि वर ताणलेले कापड. नव्वद किलोंचा देह तिच्यावर पडतो तेव्हा तो खरोखरच पडतो. मग तो वाचतो कसा? बऱ्याच वेळा, खाली जो असतो त्याच्यामुळे.

यासाठी मेक्सिकोकडे पाहावे लागेल. साल्वादोर लुतेरोथ याने १९३३ मध्ये तेथे कंपनी स्थापन केली आणि 'लूचा लिब्रे' या प्रकाराला घर मिळाले. तेथील मल्लांचे दोन पक्ष असतात : 'तेक्निको' म्हणजे सज्जन, 'रूदो' म्हणजे दांडगट. उंच उड्या हे प्रामुख्याने तेक्निकोचे भूषण. त्यांतील एक उडी दोरांमधून सूर मारून रिंगबाहेरच्या प्रतिस्पर्ध्यावर झेपावण्याची. तिचे नाव 'तोपे सुइसिदा', म्हणजे आत्मघातकी धडक. नाव आत्मघाताचे, रचना मात्र सगळी जीव वाचवण्याची. बाहेर उभा असलेला रूदो नेमक्या जागी, नेमक्या क्षणी थांबतो, येणारा देह हातांवर आणि छातीवर घेतो आणि त्याच्यासह मागे पडतो. तो अर्धे पाऊल बाजूला सरला तर नायक डोक्यावर आपटेल. म्हणजे कथेत ज्याने नायकाचा द्वेष करायचा, त्याच्याच हातांत नायकाचा जीव असतो. वैर जेथे शिगेला पोहोचलेले दिसते, तेथेच विश्वासही शिगेला पोहोचलेला असतो. आम्हांस या कलेचे मर्म येथे दिसते.

मेक्सिकोत काही काळ कुस्ती केलेला सातोरु सायामा १९८१ च्या एप्रिलमध्ये टोकियोत वाघाचा मुखवटा चढवून 'टायगर मास्क' म्हणून उतरला आणि जपानी प्रेक्षक थक्क झाले. त्या लढतीत समोर होता इंग्लंडचा टॉम बिलिंग्टन, म्हणजेच 'डायनामाइट किड'. तोही उड्या घेणाराच. पण टायगर मास्कचे उड्डाण जे इतके भव्य दिसले, त्यात बिलिंग्टनच्या पडण्याचा आणि झेलण्याचा वाटा मोठा होता. त्याने आपल्या शरीराची कधीच गय केली नाही. आयुष्याची शेवटची अनेक वर्षे त्याने चाकांच्या खुर्चीत काढली आणि २०१८ मध्ये, साठाव्या वाढदिवशीच, तो वारला. 'खोटे' या शब्दाची किंमत अशी असते.

आणि झेलणाऱ्याच्या हातांनाही मर्यादा आहेतच. २२ ऑक्टोबर २००१ रोजी जपानमध्ये हायाबुसा या मल्लाने दोरावरून उलटी कोलांटी घेण्याचा प्रयत्न केला. कारकिर्दीत अनेकदा घेतलेलीच ती उडी. पाय निसटला, तो डोक्यावर पडला, मानेला जबर इजा झाली आणि शरीर लुळे पडले. प्रतिस्पर्ध्याला काही करता येण्याआधीच सारे संपले होते. २०१६ मध्ये तो गेला.

कोणी विचारील, परस्परांच्या संमतीने चाललेल्या या प्रकारात संघर्ष कुठला? आम्ही म्हणू, संघर्ष आहे. तो दोघांचा मिळून पडण्याशी आहे. मात्र त्यात तिसरा पक्षही आहे, तो म्हणजे आपण. काल ज्या उंचीला टाळ्या दिल्या, तिला आज आपण जांभई देतो. मग खांब पुरत नाही, शिडी येते, पिंजऱ्याचे छप्पर येते. झेलणारा उडणाऱ्याचे वजन घेतो; आपण प्रेक्षक फक्त उंची मागतो.

संस्कृत काव्यशास्त्राने 'सहृदय' ही थोर कल्पना दिली. आपण वर्गात ती शिकवतो, पण सहृदयाने काही भार उचलायचा असतो हे बहुधा सांगत नाही. समीक्षेतही आपण उडणाऱ्याकडेच पाहतो, प्रतिभेची झेप वगैरे शब्द वापरतो. यापुढे अशी एखादी उडी पाहण्यात आली तर वाचकांनी क्षणभर वरची नजर खाली आणावी आणि खालच्या माणसाचे हात पाहावेत. ते आधीच पसरलेले असतात.