लोअर ग्राउंडवरचं लंडन

फोटोत खिडकी होती. पांढराशुभ्र पडदा, त्यावर पडलेलं मस्त ऊन, शेजारी छोटंसं टेबल... आणि आमच्या खोलीतही खिडकी होती हं, नाही असं नाही! फक्त तिच्यातून लंडन दिसत नव्हतं. लंडनचे पाय दिसत होते. बूट, सँडल्स, सुटकेसची चाकं आणि अधूनमधून एखादं कुत्रं.

एकटी असते तर हसले असते. तसाही एखादा लेख निघाला असता! पण सोबत आई होती. तिचा पहिला परदेश प्रवास, आणि तोही माझ्या पैशांनी. दोन वर्षं एकेक असाइनमेंटचे चेक बाजूला टाकून हा प्लॅन जमवला होता. ‘तू काही बघू नकोस, सगळं मी करते,’ असं मोठ्या ऐटीत तिला सांगितलं होतं. केलंच की सगळं!

पॅडिंग्टन स्टेशनच्या आसपास अशी हॉटेलं ओळीने उभी आहेत. हीथ्रोवरून एक्स्प्रेस पंधरा मिनिटांत तिथे आणून सोडते, त्यामुळे पहिल्यांदा जाणारे हमखास तिथेच उतरतात. बाहेरून बघाल तर प्रेमातच पडाल. पांढरे खांब, काळं लोखंडी रेलिंग, एकदम पिक्चरमधलं लंडन. पण ही मुळात व्हिक्टोरियन काळातली राहती घरं. मधल्या मजल्यांवर मालक, पोटमाळ्यावर नोकर आणि रस्त्याच्या पातळीखाली स्वयंपाकघर. आज तिथे प्रत्येक कोपऱ्यात एक पलंग बसवलाय, बस्स. यातल्या बऱ्याच इमारती संरक्षित असल्यामुळे लिफ्ट बसवणंही सोपं नसतं.

आमच्या वाट्याला स्वयंपाकघर आलं होतं! बुकिंगमध्ये तसं लिहिलंही होतं: ‘लोअर ग्राउंड’. मला वाटलं, ग्राउंड फ्लोअर म्हणजे बरंच की, आईच्या गुडघ्यांना त्रास नको. लोअर ग्राउंड म्हणजे शुद्ध मराठीत तळघर, हे खाली चौदा पायऱ्या उतरल्यावर कळलं.

खोली नऊ चौरस मीटर. म्हणजे शंभर चौरस फूटही नाही. एक बॅग उघडायची तर दुसरी पलंगावर ठेवायची. कार्पेटला ओल्या गोणपाटाचा वास. बाथरूममध्ये बेसिनला दोन वेगळे नळ, एकातून उकळतं पाणी, दुसऱ्यातून बर्फ. ही मात्र हॉटेलची चूक नाही. ब्रिटनमधल्या जुन्या घरांत गार पाणी थेट मेनलाइनचं आणि गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतलं, म्हणून दोन्ही वेगळी ठेवायची पद्धत होती. आईने दुसऱ्या दिवशी दात घासायच्या ग्लासमध्ये दोन्ही पाणी मिसळून प्रश्न सोडवला. मी तोवर इंटरनेटवर कारण शोधत होते!

रिसेप्शनवरचा मुलगा गोड हसून म्हणाला, दुसरी खोली आहे ना, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट? सॉरी. रिफंड? तोही सॉरी, कारण स्वस्त पडतं म्हणून मी ‘नॉन-रिफंडेबल’वर क्लिक केलं होतं. पाच रात्री, साडेचारशे पाउंड. पाउंड शंभर रुपयांच्या वर आहे, गुणाकार तुम्हीच करा.

आई म्हणाली, ‘राहू दे गं. झोपायलाच तर यायचंय.’

हे वाक्य फार वाईट असतं. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. पण रात्री ती माझ्याकडे पाठ करून खोकला दाबायची, मला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि मला ऐकू जायचंच, शंभर फुटांत दुसरं होणार काय?

तिसऱ्या दिवशी आम्ही चॉक फार्मजवळच्या दहा, किंग हेन्रीज रोडला गेलो. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर शिकायला असताना तिथे राहिले होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते घर घेतलं. आईला लंडनमध्ये एवढी एकच गोष्ट नक्की बघायची होती. ती प्रत्येक पायरीवर थांबत, कठड्याला धरून चढत होती. चौदा पायऱ्या, दिवसातून चार-सहा वेळा, तीन दिवस. तिचे गुडघे काय म्हणत होते ते मला तेव्हा दिसलं. मी पैसे वसूल करत बसले होते, आणि वसुली तिच्याकडून चालू होती.

त्या संध्याकाळी चेकआउट केलं. उरलेल्या दोन रात्रींचे एकशेऐंशी पाउंड सोडले आणि दोन स्टेशनं पलीकडे लिफ्ट असलेल्या एका साध्यासुध्या हॉटेलात गेलो. महाग होतं. खिडकीतून पार्किंग लॉट दिसत होता. पण वरून!

सो, माझ्या पैशांनी घेतलेला धडा तुम्हाला फुकटात. लोअर ग्राउंड म्हणजे तळघर. लिफ्ट आहे का, हे मेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोटोत पलंगापेक्षा उशाच जास्त दिसत असतील तर खोलीचं माप बघा. रिव्ह्यू वाचताना सगळ्यात वाईट आणि सगळ्यात ताजे आधी वाचा. स्टार्सवर जाऊ नका. ब्रिटनमध्ये स्टारसाठी अधिकृत तपासणी होते, पण ती ऐच्छिक असते. आणि घरातल्या मोठ्यांना नेत असाल तर फ्री कॅन्सलेशनचे चार पैसे जास्त मोजा. ‘चालेल गं’ हे मोठ्या माणसांचं उत्तर नसतं, सवय असते.

परत आल्यावर सोसायटीतल्या काकू आईला विचारत होत्या, हॉटेल कसं होतं म्हणून. ‘एकदम छान,’ आई म्हणाली. ‘बाथरूममध्ये दोन-दोन नळ होते!’