प्रवचनात राजकारण नको?

‘फादर, प्रवचनात राजकारण नको’ ही तक्रार बायबलमधल्या संदेष्ट्यांइतकीच जुनी आहे. गरिबाला नाडणाऱ्यांचे सण आणि गाणी देवाला नकोशी झाली आहेत, असं तकोवाचा मेंढपाळ आमोस बेथेलात बोलला, तर तिथल्या याजकाने त्याला गाशा गुंडाळायला सांगितलं.

विसाव्या शतकात अशा बोलण्याची किंमत जिवाने मोजावी लागली. एल साल्वादोरमध्ये 12 मार्च 1977 रोजी फादर रुतिलियो ग्रांदे यांना मिस्साला जाताना गोळ्या घातल्या गेल्या. सोबतचे एक वृद्ध आणि एक कोवळा मुलगाही मारले गेले. आर्चबिशप ऑस्कर रोमेरो तोवर सावध, पुस्तकी म्हणूनच ओळखले जात. (अशाच माणसांची धास्ती धरावी!) पण या खुनांनंतर 20 मार्चच्या रविवारी त्यांनी धर्मप्रांतातल्या बाकी साऱ्या मिस्सा रद्द करून कॅथेड्रलमध्ये एकच ठेवली. त्यानंतर दर रविवारी रेडिओवरून त्यांचं प्रवचन घराघरांत जाई. शुभवर्तमानाच्या विवेचनाला जोडूनच त्या आठवड्यात कोण मारलं गेलं, कोण बेपत्ता झालं, तेही ते नावानिशी सांगत. 23 मार्च 1980 ला त्यांनी सैनिकांना दडपशाही थांबवण्याचं आवाहन केलं. दुसऱ्या दिवशी कर्करुग्णांच्या इस्पितळातल्या चॅपेलमध्ये मिस्सा चालू असताना त्यांचा खून झाला. 2018 मध्ये पोपनी त्यांना संत घोषित केलं.

धर्मगुरूने अन्यायाविरुद्ध असं उभं राहणं वसईकरांना परकं वाटू नये. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी निसर्ग वाचवण्यासाठीचा हरित वसईचा लढा धर्मगुरू राहूनच चालवला. तरी आपल्या श्रद्धावंतांच्या प्रार्थना बहुधा ‘जगात शांती नांदो’वरच भागतात. गटारात गुदमरून मेलेल्या कामगाराचं नाव त्यांत का येऊ नये?