शेवटची ओळ वाचा!

मित्रहो, कॉम्प्युटर सुरू कसा होतो यावर आपल्या पुस्तकात अख्खं प्रकरण आहे. बायॉस, बूटलोडर, कर्नल... व्हायवाला हमखास येणारा प्रश्न! पण तो बंद कसा होतो? यावर आपल्याला कोणी चार वाक्यंसुद्धा विचारत नाही. मग होस्टेलमध्ये काय दिसतं? रात्री मशीन बंद होता होता अडकली की आपण पॉवरचं बटण दाबून धरतो, मनात पाचपर्यंत मोजतो, स्क्रीन काळी झाली की झोपायला मोकळे!

माझं म्हणणं असं की ही सवय इंजिनिअरला शोभत नाही. अडकलेली मशीन सहसा कोणाची तरी वाट बघत असते, आणि कोणाची ते बऱ्याचदा स्क्रीनवर लिहूनही दाखवते. आपण वाचत नाही, एवढंच. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघून मराठी मीडियमवाल्यांनी खुशाल हसून घ्यावं. मुद्दा तेवढा घ्यावा ही विनंती!)

हा विषय आत्ताच काढायचं कारण आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरना दारातच उभं करत नाही. चांगल्या चालणाऱ्या मशीनपुढे दोनच रस्ते उरले : भंगारवाला, नाहीतर हलकी लिनक्स. आमच्या ग्रुपने दुसरा रस्ता धरला. खाडीपलीकडे गोराई गावात एक छोटी अभ्यासिका आहे. तिथे आम्ही तीन जुन्या मशीन नेऊन लावल्या. प्रत्येकी २ जीबी रॅम, वर डेबियन आणि एलएक्सडीई हा हलका डेस्कटॉप. पोरं खूश! पण महिन्याभरात निरोप आला, "मशीन बंदच होत नाहीत."

ऐकायला तक्रार किरकोळ वाटते. पण अभ्यासिकेला कुलूप लावणाऱ्या मावशी राहतात चारकोपला. संध्याकाळी फेरी बोट चुकली तर उत्तन-भाईंदरवरून सगळा वळसा. त्या म्हणाल्या, "पोरी, तुझं ते चाक फिरत बसतं आणि माझी बोट जाते. मी आपली मेन स्विच पाडते." त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? पण त्यात दहावीतल्या एका मुलीची प्रोजेक्टची फाईल गेली. नाव तसंच, आत शून्य बाइट! समितीतल्या एका काकांनी तर सरळ सांगितलं, "डोक्याला ताप नको, द्या भंगारात." गोराईत बंद पडलेलं काय, असं विचारलं तर लोक २०२२ मध्ये बंद झालेल्या एस्सेलवर्ल्डचं नाव घेतात. त्या यादीत आमच्या तीन मशीनची भर पडायची वेळ आली होती.

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, आर्ट्सच्या मैत्रिणीलाही समजलं होतं!

शटडाउन म्हणजे दिवा मालवणं नाही. ती तीन टप्प्यांची निरवानिरव आहे. पहिल्या टप्प्यात सिस्टीमडी हा व्यवस्थापक चालू असलेल्या सेवांना साधारण उलट्या क्रमाने बंद करतो, म्हणजे शेवटी आलेला आधी बाहेर. प्रत्येकाला आधी सिगटर्म हा सिग्नल जातो, "बाबा, आवरतं घे." मूळ सेटिंगप्रमाणे ९० सेकंद वाट बघितली जाते. तरी नाही ऐकलं तर सिगकिल, म्हणजे धरून बाहेर. दुसऱ्या टप्प्यात डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून फाईलसिस्टीम अनमाउंट होते. तिसऱ्या टप्प्यात कर्नल एसीपीआयमार्फत मदरबोर्डला वीज तोडायला सांगतो. मशीन अडकली की पहिला प्रश्न हाच : कितव्या टप्प्यावर?

आमच्या तीन मशीनची तीन कारणं निघाली.

मधल्या मशीनवर ओळ यायची, "अ स्टॉप जॉब इज रनिंग फॉर..." आणि पुढे एका फोल्डरचं नाव, शेजारी सेकंदांचा काटा. हे फोल्डर खरं तर दाराजवळच्या मशीनवर होतं. मधली ते नेटवर्कवरून वापरायची. मावशी दारापासून सुरुवात करायच्या, म्हणजे फोल्डरची मालकीण आधीच झोपलेली आणि मधली मशीन तिच्या उत्तराची वाट बघत ताटकळलेली! उपायाला एक पैसा लागला नाही. भिंतीवर चिठ्ठी लावली : खिडकीपासून सुरुवात करा, दाराजवळची सगळ्यात शेवटी.

खिडकीजवळच्या मशीनची स्क्रीन काळी, पंखा मात्र चालूच. शेवटची ओळ होती, "सिस्टीम हॉल्टेड." इथे एक एक शब्द महत्त्वाचा. "पॉवर डाउन" असं लिहून मशीन चालू राहिली, तर संशय एसीपीआय किंवा बायॉसवर घ्यायचा. बायॉस अपडेट किंवा कर्नलला द्यायचा एखादा पर्याय बघायचा. पण "सिस्टीम हॉल्टेड" म्हणजे मशीनने सांगितलं तेवढंच केलं. डेस्कटॉपवरच्या आयकॉनमागे हॉल्ट ही आज्ञा होती. हॉल्ट म्हणजे काम थांबव, पॉवरऑफ म्हणजे थांबव आणि वीजही तोड. आज्ञा बदलली, पंखा गप्प! गंमत म्हणजे या दोन्ही ओळी दिसल्यावर बटण दाबलं तरी डेटाला सहसा धोका नसतो, कारण डिस्कचं काम तोवर उरकलेलं असतं. बटण तेच, पण वेळ वेगळी.

दाराजवळच्या मशीनवर शटडाउन क्लिक केलं तरी कधी कधी काहीच व्हायचं नाही. ना ओळ, ना चाक. टर्मिनलवर अॅडमिन म्हणून आज्ञा दिली की मात्र निमूट बंद! याचा अर्थ अडचण परवानगीची. एक मुलगा लॉगआउट न करता "स्विच यूजर" करून जायचा. दुसरं कोणी लॉगिन असताना मशीन बंद करायची तर अॅडमिनचा पासवर्ड लागतो, म्हणजे त्याचं अर्धं काम कोणी उडवू नये. पण आमच्या हलक्या डेस्कटॉपवर पासवर्ड विचारणारा छोटा प्रोग्रॅम सुरूच होत नव्हता, म्हणून विनंती गुपचूप फेटाळली जायची. तो एलएक्सपोलकिट ऑटोस्टार्टमध्ये घातला, आणि पोरांना सांगितलं की जाताना लॉगआउट. आता निदान मशीन बोलते तरी.

सांगायचं काय, तक्रार एक, कारणं तीन! तिन्ही मशीनवर "नवीन ओएस टाका" हा एकच रामबाण उपाय सांगणारे हुशार लोक आमच्याही विंगमध्ये आहेत. त्याने खिडकीजवळची कदाचित सुधारली असती. बाकी दोन आठवड्याभरात मूळ पदावर.

दुसरा आवडता सल्ला म्हणजे ते ९० सेकंद कापून ५ करा. इथे मी दुसरी बाजूही मांडते. फेडोराने २०२३ मध्ये आवृत्ती ३८ पासून ही मुदत ४५ सेकंदांवर आणली, म्हणजे ९० काही देववाणी नव्हे. मावशींची बोट लक्षात घेता मलाही मोह झाला होता. पण ५ सेकंदांत एखादा डेटाबेस लिहिता लिहिता मारला गेला तर? आणि त्याहून वाईट म्हणजे अडकण्याचं कारण तसंच राहतं, फक्त ते दिसेनासं होतं. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडायचा का? आधी कारण शोधा, मग मुदत हवी तर कमी करा.

"पण ईएक्सटी४ ला जर्नल असतं ना, काही होत नाही," असंही ऐकते. अर्धसत्य! जर्नल फाईलसिस्टीमचा सांगाडा सांभाळतं, तुमची शेवटची पानं नाही. सेव्ह केलेला डेटा काही वेळ, साधारण अर्धा मिनिटसुद्धा, रॅममध्येच बसलेला असू शकतो. त्या मुलीने सेव्ह केलं होतं. पुढच्याच मिनिटाला मेन स्विच पडला.

वीज अचानक जाणं काय असतं हे मुंबईकरांना सांगायला नको. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास ग्रिडच्या बिघाडाने अख्खी मुंबई अंधारात गेली, लोकलही जागच्या जागी थांबल्या. ते आपल्या हातात नव्हतं. पण रोज रात्री आपल्याच बोटाने आपल्या मशीनवर तोच प्रसंग आणायचा, हे मात्र आपल्या हातात आहे.

आणि हलकी लिनक्स बहुतेकदा अशाच ठिकाणी जाते जिथे दुरुस्तीवाला नाही. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या छोट्या शाळेत "वन लॅपटॉप पर चाइल्ड"चे एक्सओ लॅपटॉप पोचले होते. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, आत फेडोरावर आधारलेली लिनक्स. अशा शाळेत काही अडलं तर कोणाला बोलावणार? तिथे स्क्रीनवरची ओळ हाच पहिला इंजिनिअर. ती वाचायला पोरांना शिकवणारं कोणीतरी हवं, आणि ते आपणच असायला काय हरकत आहे? भाषेची अडचण म्हणाल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे चक्क मराठीत आहेत.

म्हणून लॅबच्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. एक प्रॅक्टिकल शटडाउनवर ठेवा. मुद्दाम अडकलेली मशीन द्या आणि कारण शोधायला सांगा. एका प्रॅक्टिकलमध्ये प्रोसेस, सिग्नल, फाईलसिस्टीम, परवानगी, सगळं येतं!

आणि होस्टेलकरांनो, तुमच्यासाठी एवढंच. मशीन अडकली की दोन मिनिटं थांबा. गोल चाक फिरत असेल तर एस्केप दाबा, बहुतेक वेळा मागचे संदेश दिसतात. शेवटच्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढा. पुढच्या वेळी मशीन चालू केल्यावर जर्नलसीटीएलला मागच्या बूटची नोंद विचारा. (वार-लॉगमध्ये जर्नल नावाचं फोल्डर नसेल तर आधी ते बनवा, नाहीतर मागचं काही टिकत नाही.) अगदीच नाइलाज झाला तर ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन दाबून ठेवा आणि सावकाश एस, यू, ओ. एस म्हणजे राहिलेलं लिहून घे, यू म्हणजे डिस्कला कुलूप घाल, ओ म्हणजे आता जा. डेबियन आणि उबुंटूवर मूळ सेटिंगमध्ये हे चालतं. बटण दाबून धरणं हा त्यानंतरचा उपाय.

अभ्यासिकेतल्या तिन्ही मशीन अजून जागेवर आहेत. काकांनी भंगारवाल्याचा विषय पुन्हा काढलेला नाही. आम्हाला दर पंधरा दिवसांनी तिकडे जायला आणखी दोघं-तिघं हवेत. स्क्रू ड्रायव्हर आमच्याकडे आहे. तुम्ही फक्त वाचायची तयारी ठेवून या!